जर्मन सुराची पेटी

मराठवाड्यात जुनी बाजाची पेटी नुसती जुनी कधीच नसते, ती जर्मन असते. मालक उदगीरचा असो, औशाचा असो की अहमदपूरचा. पेटी माळवदाच्या घरातल्या कोनाड्यातून निघालेली असो की बंद पडलेल्या भजनी मंडळाच्या अडगळीतून. "सूर जर्मनचे हाईत बरं का" हे वाक्य तिच्या आधी उंबऱ्याबाहेर येतं. क्वचित एखादी पॅरिसची निघते, पण ती डॉक्टर-वकिलाच्या घरातली. पॅरिस म्हणायला थोडं शिक्षण लागतं. पालिताण्याची जुनी पेटी मात्र मी आजवर पाहिलेली नाही. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात, शत्रुंजयाच्या पायथ्याला हे जैनांचं तीर्थक्षेत्र आहे. तिथले कारागीर पितळेचे सूर करतात आणि ते देशभरातल्या पेट्यांत बसतात. १९३९ साली इंग्रजांचं जर्मनीशी युद्ध जुंपलं, तिकडचा माल यायचा थांबला, तरी आपली भजनं काही थांबली नाहीत. कुणीतरी इथं सूर करतच होतं. पण विकायला काढलेल्या पेटीत इथला एक सूर असेल तर शप्पथ.

ज्यांचा पेटीशी संबंध गणपतीच्या आरतीपुरता आहे त्यांच्यासाठी सांगतो. सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ. पितळेच्याच एका पट्टीत खाच पाडलेली असते, तिच्यावर ही जीभ एका टोकाला ठोकून पक्की केलेली असते आणि दुसरं टोक मोकळं. भात्याचा वारा खाचेतून गेला की जीभ थरथरते आणि बोलते. बाकी सागवान, भाता, पट्ट्या, खटके हा सगळा संसार त्या जिभांसाठी. त्यामुळं पेटीचा भाव जिभेवर ठरतो, आणि जीभ पेटीच्या पोटात असते, आणि पोट उघडल्याशिवाय ती दिसत नाही. विकणाऱ्याला देवानं ही केवढी सोय करून ठेवली आहे!

आमच्या भजनी मंडळाच्या पेटीला दम्यानं गाठलं होतं. खर्जातला एक सूर हात उचलला तरी बोलतच राही. कीर्तनकार बुवा भावनेच्या भरात क्षणभर थांबत, डोळे पुसत, आणि त्या शांततेत पेटी म्हशीसारखी रेकत बसे. सप्ताह तोंडावर आला होता. नवी पेटी घ्यावी, हा साधा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही, कारण तेवढ्यात अध्यक्षांना कळलं की गंजगोलाईच्या मागं एका जुन्या वाड्यात पेटी विकायची आहे. जर्मन. लातूरच्या गंजगोलाईत मधोमध जगदंबेचं मंदिर आणि भोवतीनं सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यामुळं इथं कुठलीही बातमी सोळा बाजूंनी येते आणि प्रत्येक बाजूनं भाव वेगळा असतो.

पाहणीला निघालो तेव्हा प्रत्येकाबरोबर आपापलं शास्त्र होतं. अध्यक्षांचं आडतीचं दुकान. तुरीच्या पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, बाहेर आलेले दोन दाणे दाताखाली फोडायचे आणि चेहरा न हलवता "ओल हाय" म्हणून भाव पाडायचा, ह्यात त्यांची हयात गेली. सुतारमामा होते, ते लाकडापलीकडं कशालाच वस्तू मानत नाहीत. निवृत्त विज्ञानशिक्षक होते, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. आमचे वाजवणारे पेटीमास्तर वेगळे. ते आले नसते तरी चाललं असतं, असा एकूण सूर होता. मृदंगवाले बापू होते. ज्या वाद्याला कणीक लागत नाही त्यावर त्यांचा विश्वास नाही. विणेकरी आजोबांना रिक्षात जागा उरली म्हणून घेतलं. आणि अध्यक्षांचा पुतण्या. तो नीटची तयारी करतो. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या पोराला उत्तर माहीत असावं लागत नाही. चारपैकी तीन पर्याय खोडता आले की झालं. तो पेटीकडंही त्याच नजरेनं बघत होता.

वाड्यात पेटी सतरंजीवर मांडून तिच्यावर शाल पांघरली होती. मालकांनी शाल काढली नाही, उलगडली. मग बाजूला बसून, ज्या आवाजात घरातल्या गेलेल्या माणसाबद्दल बोलतात त्या आवाजात म्हणाले, "पणजोबांची. पहिल्या महायुद्धाच्या आधीची."

सुतारमामांनी पट्टीला बोटसुद्धा न लावता पेटी उलटी केली, बुडाला नखानं खरवडलं, वास घेतला. "सागवान हाय. बल्हारशाचं." अध्यक्षांनी विचारलं, "सूर कसेत?" मामा म्हणाले, "सुराचं मला काय इचारता? पन आसं लाकूड आता न्हाई." त्यांच्यापुरती पेटी पास झाली होती. त्यात सुरांऐवजी ज्वारी भरलेली असती तरी ते घ्या म्हणाले असते.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाइलच्या उजेडात स्क्रू पाहायला सुरुवात केली. सूर सोडून स्क्रू! पण मास्तरांचं तर्कशास्त्र पक्कं होतं. "ह्या स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह आहे. हा स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात निघाला. त्याआधीच्या स्क्रूला एकच आडवी खाच. पहिल्या महायुद्धाआधीच्या पेटीत हा शिरला कसा?"

"ते मागून बशिवले," मालक म्हणाले.

"आणि भात्याचं कापड?"

"ते उंदरानं खाल्लं. बदललं."

"पट्ट्यांवरचे हे पांढरे पत्रे?"

"ते उचकटले होते. नवे लावले."

"कमानी?"

"गंजल्या की वो. कमानी काय जन्मभर ऱ्हातेत का?"

बापूंनी न राहवून विचारलं, "मंग पणजोबांचं ह्यात काय हाय?"

"आठवण," मालक म्हणाले.

ह्यावर मंडळात कुणाला काही बोलता येईना. हिशेबात न बसणारी गोष्ट किमतीत कशी धरायची हे आडतीवरही शिकवत नाहीत.

स्क्रूवर हरलेला विकणारा घराण्यावर येतो, आणि तिथं त्याला हरवणं अवघड. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या पेटीवर आप्पांचा हात फिरलेला असतोच. आप्पा जळगावकर आपले, जालन्याकडचे. भीमसेन जोशींसारख्या गवयांना साथ केलेला माणूस. विकायला आलेल्या पेट्यांची साक्ष खरी धरली तर आप्पांनी गाव न् गाव, वाडा न् वाडा फिरून एकेका पेटीवर हात ठेवला आणि पुढच्या गावची एसटी पकडली, असंच म्हणावं लागेल. त्यांनी मैफली कधी केल्या असतील हा प्रश्नच पडतो. ह्या पेटीवरही त्यांचा हात फिरला होता. शिवाय ती त्याआधी बालगंधर्वांच्या कंपनीत होती.

मास्तर म्हणाले, "कंपनीत ऑर्गन वाजायचा. पायानं भाता मारायचा. ही हातपेटी आहे."

मालक क्षणभर थांबले. "पाय मोडल्यावर हाताची केली."

मला हा माणूस इथं मनापासून आवडायला लागला. खोटं बोलणारे पुष्कळ असतात. वाद्यशास्त्राच्या चौकटीत राहून, आधीच्या खोट्याला न दुखावता पुढचं खोटं बसवणारा विरळा. आणि गंमत म्हणजे पायपेटी मोडून हातपेटी करण्याचा उद्योग खरोखरच जगात घडलेला आहे. हार्मोनियम हे बाळ १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ नावाच्या कारागिरानं बाळसं धरून बाजारात आणलं, ते पायानं भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं. आपण खुर्चीवर बसून गात नव्हतो. १८७५ च्या सुमारास कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याचे पाय काढले, भाता पाठीला लावला आणि त्याला मांडी घालून बसायला शिकवलं. म्हणजे मालक एका पेटीबद्दल खोटं बोलत होते, पण एकंदर पेट्यांबद्दल खरं.

मग कागद निघाला. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पितळी डब्यात, डबा शालीत. पिवळा पडलेला कागद, वर उर्दू मजकूर, खाली शिक्का. निजामाच्या राज्यातली पावती. मालक म्हणाले, "पेटी घेतल्याची." सगळ्यांनी कागद हातात घेऊन, उजेडाकडं धरून, मान हलवून पुढं दिला. उर्दू कुणालाच येत नव्हतं, आणि न येणाऱ्या लिपीइतका भक्कम पुरावा दुसरा नसतो. कागद फिरत फिरत विणेकरी आजोबांकडं पोचला. आजोबा निजामाच्या अमदानीतल्या शाळेत दोन यत्ता उर्दूत शिकलेले. त्यांनी कागद नाकाजवळ नेला आणि एकेक अक्षर जोडत वाचलं, "कडबा... दोन गाड्या... हाली सिक्का..." पुढची रक्कम वाचून ते हळहळले. "लई स्वस्त होता की कडबा!"

पेटीची गोष्ट तिथंच संपायला हवी होती. पण आता पुतण्यानं झाकण उघडलं होतं आणि झाकणाच्या आतल्या अंगाला एक चिकटवलेलं लेबल सापडलं होतं. इंग्रजी अक्षरं पुसट झालेली, तरी दोन शब्द स्वच्छ: वेस्ट जर्मनी. मालकांचा चेहरा उजळला. "बगा! म्या काय म्हनूलालो?"

मास्तरांनी खिशातून पेन काढून पावतीच्याच पिशवीवर हिशेब मांडला. निजामाचं राज्य संपलं १७ सप्टेंबर १९४८ ला. पश्चिम जर्मनी नावाचा देश झाला मे १९४९ मध्ये. "म्हणजे ज्या देशात ही पेटी बनली तो देश जन्मायच्या आधी ती निजामाच्या राज्यात विकली गेली. तेही पहिल्या महायुद्धाआधी."

मालक पणाला लागले होते. त्यांनी साक्षीला आईला हाक मारली, आणि इथं मात्र त्यांचा अंदाज चुकला. आजी पदराला हात पुसत आल्या, लेबलाकडं एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "ते व्हय? ते शिलाई मशीनच्या सुयांच्या डबीचं हाय. चीर झाकायला म्याच चिटकवलंय."

चीर कशानं पडली हे कुणी विचारलं नाही. लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर भिंतीची असो की पेटीची, चिरेचं कारण विचारत नाहीत. पण आजींनी आपण होऊन सांगितलं, मालकांकडं बोट करून, "ह्यो बारका असताना ह्याच्यावर चढून लोणच्याची बरणी काढायचा."

"मेड इन जर्मनी" ह्या तीन शब्दांची कथा आजींनी सांगितली असती तर त्यांनी ती अशीच दोन वाक्यांत संपवली असती. १८८७ साली इंग्लंडच्या संसदेनं कायदा केला: परदेशी माल कुठं बनला ते त्याच्यावर छापलंच पाहिजे. रोख जर्मनीवर होता. जर्मन कारखानदार इंग्लिश मालाची स्वस्त नक्कल करून विकतात, शेफिल्डच्या नावानं सुऱ्या-कात्र्या खपवतात अशी ओरड होती. गिऱ्हाईकानं शिक्का बघून समजावं की हा माल नकली आहे, एवढ्यासाठी हे तीन शब्द. पुढं जर्मनांनी माल इतका चांगला केला की शिक्का उलटा फिरला. म्हणजे आपण ज्याला अस्सलपणाची खूण म्हणून शंभर वर्षं कपाळाला लावतोय, ती मुळात नकलीपणाची जाहीर सूचना होती. अध्यक्षांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मंग दोन्ही बाजूंनी पैशे कमी करायला पायजेत."

ह्या बाबतीत आपणच भाबडे आहोत असं कुणी समजू नये. सातासमुद्रापार हाच खेळ विजेच्या बेस गिटारींवर चालतो, आणि आमच्या सुतारमामांना लाजवील अशा गंभीरपणे. लिओ फेंडर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसानं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला. १९६५ च्या आरंभी त्यानं कंपनी सीबीएसला विकली. तेव्हापासून त्या आधीची गिटार अस्सल आणि नंतरची तितकी नव्हे, अशी फाळणी झाली. जुनी बेस घेणारा माणूस ती वाजवत नाही. तो आधी चार स्क्रू काढून मान धडापासून वेगळी करतो आणि मानेच्या बुडाशी तारीख आहे का बघतो. मग आवाज लहानमोठा करायचं बटण उचकटून त्याच्या पाठीवरचे आकडे वाचतो. त्यात बटण बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक, साल आणि आठवडा असा मजकूर असतो: १३७ असेल तर सीटीएस, ३०४ असेल तर स्टॅकपोल. आमच्या मास्तरांना तिथं जन्म मिळायला हवा होता. आता ह्यावरची कडी ऐका. १९९५ पासून फेंडर कंपनी स्वतःच नव्या गिटारींचा रंग खरवडून, पत्र्याला गंज आणून, कोपरे झिजवून त्या जुनाट करून विकते, आणि झिजवायचे पैसे वेगळे घेते. आमच्याकडं हेच काम उंदीर, चुलीचा धूर आणि लोणचं काढणारी पोरं फुकटात करतात, आणि वर आम्हालाच किंमत कमी करा म्हणतात!

तर पेटी. एवढं होईपर्यंत ती कुणीही वाजवली नव्हती. पेटीमास्तर सतरंजीच्या कडेला चहा पीत बसले होते. शेवटी मालकच म्हणाले, "वाजवून तर बगा." पेटीमास्तरांनी भाता भरला, एकच पट्टी दाबली आणि भात्यावरचा हात काढून घेतला. सूर चालू राहिला. चालू राहिला. बापूंनी पानाला चुना लावून होईपर्यंत तो चालू होता. आतला भाता हवा धरत होता. पेटी घेताना खरंतर हीच पहिली परीक्षा. मग त्यांनी खर्जाचा खटका ओढला आणि मंद्रातल्या चार पट्ट्यांवरून हात फिरवला. आवाज जाडसर, गोल, जरा घोगरा. कानाला टोचणारा नव्हे. पेटीमास्तर म्हणाले, "बरी हाय." ते स्वतःच्या मुलाच्या लग्नातही एवढंच बोलले होते.

पण आवाजावर कुणी निर्णय घेतं होय? पुतण्यानं आत्तापर्यंत पट्ट्यांची पाटी उचलून सुरांची पाटी बाहेर काढली होती. ही गोष्ट सुतारमामांनीच केली, पुतण्या फक्त मोबाइल धरून उभा होता, पण श्रेय त्यानं घेतलं. पितळेचे सूर ओळीनं बसलेले, दोन ओळी, एक खर्जाची आणि एक नरसुराची. खर्जाच्या ओळीत प्रत्येक पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षर ठोकलेलं. पुतण्या मोठ्यानं वाचत गेला: सी, डी, ई, एफ, जी, ए... आणि थांबला.

"एच."

"काय?"

"एच लिहिलंय. काका, सुरांची नावं ए ते जी. सातच. आठवं अक्षर येऊच शकत नाही." त्यानं विजयी मुद्रेनं पाटी खाली ठेवली. "डुप्लिकेट आहे. ज्यानं बनवली त्याला ए-बी-सी-डीपण येत नव्हती."

तर्क बिनतोड होता. तीन पर्याय खोडले गेले होते. अध्यक्षांनी एच म्हणजे हैदराबाद असावं असं मत दिलं. बापू म्हणाले हरी असंल. मालकांनी पहिल्यांदाच मान खाली घातली. पाय मोडलेल्या ऑर्गनला तोंड देणारा माणूस एका अक्षरापुढं हरला.

आता, इंग्रज ज्या सुराला बी म्हणतात त्याला जर्मन लोक एच म्हणतात. बी हे अक्षर ते कोमल सुरासाठी राखून ठेवतात. त्यामुळं बाख ह्या आडनावाची चारही इंग्रजी अक्षरं जर्मनीत सूर होतात, आणि योहान सेबास्टियन बाखनं आपल्या शेवटच्या मोठ्या रचनेत आपलं आडनाव सुरांत लिहून ठेवलंय. स्क्रू, लेबल, पावती, बालगंधर्व, आप्पा ह्या सगळ्या गर्दीत त्या पेटीत जर्मनीची खरी खूण असेल तर ती हीच होती, आणि तिच्यामुळंच पेटी नकली ठरत होती. मला हे ठाऊक होतं. पण भाव उतरत होता, मंडळाच्या पैशाचा प्रश्न होता, म्हणून मी चहा प्यायलो. शिवाय मी शेजारची ओळ पाहिली होती. नरसुरांच्या ओळीत एचच्या जागी साधा बी होता, आणि पितळेचा रंगही वेगळा. कधीतरी कुणीतरी निम्मे सूर बदलले होते. खर्ज जर्मनीचा आणि नर कुठला तरी इथला. दोघं वर्षानुवर्षं एका हवेवर संसार करत होते आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जर्मन सुरांवरही कानशीचे ओरखडे होते, एकेका जिभेवर, काही टोकाशी, काही बुडाशी. टोकाकडं घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. सूर लावणारे अशीच पेटी लावतात. फेंडरवाल्यांच्या नियमानं बघितलं तर हा मूळ वस्तूचा भ्रष्टाकार. तिकडं एक डाग पुन्हा रंगवला तरी गिटारीची किंमत पडते. पण कानस न लागलेला जर्मन सूर जर्मन कानाला बरोबर, आपल्या गंधाराला नव्हे. आपल्याकडं मूळ सूर शाबूत राखलेली पेटी म्हणजे ती कुणा गाणाऱ्यानं कधी वापरलीच नाही असा अर्थ. विकणारा जर शपथेवर सांगू लागला की सुराला अजून हात लागलेला नाही, तर तिला फडताळातच ठेवायला सांगावं.

ह्याच कारणानं तर पेटीनं एवढे शिव्याशाप खाल्ले. मींड नाही, श्रुती नाहीत, बारा खणांत आख्खं गाणं कोंबते, आणि परकी आहे ते आहेच. ऑल इंडिया रेडिओनं १९४० च्या मार्चपासून तिला दाराबाहेर काढलं ते १९७१ पर्यंत. रवींद्रनाथांचाही तिला विरोध होता. अलीकडं २०२२ मध्ये अकाल तख्तानं सुवर्णमंदिरातल्या कीर्तनातून तीन वर्षांत पेटी हळूहळू कमी करून तंतुवाद्यं परत आणावीत असं सांगितलं. तिथंही मुद्दा हाच, ही इंग्रजांच्या काळात आलेली पाहुणी. म्हणजे शहाणी माणसं पेटीला परदेशी म्हणून नाकारतात आणि आमचं मंडळ ती पुरेशी परदेशी नाही म्हणून. हिला कुणाकडं दाद मागायची सोयच नाही. आणि खोलात गेलं तर थरथरणाऱ्या जिभेची ही युक्ती युरोपची तरी कुठं? चीनमध्ये शेंग नावाचं तोंडानं वाजवायचं वाद्य फार पूर्वीपासून आहे, त्यात हीच मोकळी जीभ. ते अठराव्या शतकात युरोपात पोचलं आणि मग तिकडच्या कारागिरांना सुचायला लागलं. पण गंजगोलाईत उभं राहून "अस्सल जर्मन माल, मूळ चायना" असं ओरडायची कुणाची छाती आहे?

सौदा झाला. मालकांनी मागितलेल्या रकमेच्या निम्म्याला थोड्या वर. अध्यक्षांनी "ओल हाय" म्हणताना जो चेहरा करतात तोच करून पैसे मोजले. आजींनी पेटीला हळदकुंकू लावलं आणि मुलाला म्हणाल्या, "शाल देऊ नगं, ती वेगळी हाय."

सूर लावायला मिरजेहून कारागीर बोलावला. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून मिरजेहून येणाऱ्या कशावरही शंका घ्यायची आमच्याकडं पद्धत राहिलेली नाही. कारागीर मितभाषी होता. त्यानं पेटी उघडली, खर्जाच्या ओळीतला एक सूर काढून नखानं छेडला, कानाशी नेला, परत ठेवला. दुसरा छेडला. मग अगदी सहज म्हणाला, "हे जुनाट झालेत. नव्या जोडीचे बसवून देतो, दोन्ही ओळी एकसारख्या होतील. सुरांचे पैसे देऊ नका. हे जुने मी घेऊन जातो, तुम्हाला भंगार कशाला?"

मंडळाच्या खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. अध्यक्षांच्या हातातली सुपारी तशीच थांबली. आडतीवर आयुष्य काढलेल्या माणसाला जगात एकाच गोष्टीवरून मालाची पारख होते, समोरचा तो फुकट न्यायला तयार आहे ह्यावरून. "थांबा," ते म्हणाले. "सुराला हात लावायचा न्हाई."

त्या मिनिटाला पेटी जर्मन झाली. सुतारमामांनी आठवण करून दिली की त्यांनी पहिल्याच दिवशी लाकडावरून ओळखलं होतं. मास्तर म्हणाले, वाद फक्त स्क्रूचा होता. बापूंना तर आता तिच्यात आप्पांचा हातसुद्धा स्पष्ट ऐकू येत होता. आणि पुतण्या मोबाइल नाचवत म्हणाला, "काका, एच म्हणजे जर्मनच! आन्सर कीमध्ये चूक होती." कारागिरानं हत्यारं पिशवीत भरली. तो पेटी न लावताच मिरजेला परत गेला, आणि जाताना पेटीमास्तरांच्या कानात काहीतरी बोलला. पेटीमास्तरांनी ते आम्हाला अजून सांगितलेलं नाही. "बरं बोलला," एवढंच म्हणतात.

सप्ताह शेजारच्या गल्लीतून मागून आणलेल्या प्लायवूडच्या पेटीवर पार पडला. जर्मन पेटी मंडपातच होती, स्टेजच्या एका अंगाला पाटावर, कुलूप लावून, नवी शाल पांघरून. किल्ली अध्यक्षांकडं आणि अध्यक्ष दिवसभर आडतीवर. पहिल्या दिवशी कीर्तनाला आलेल्या बुवांना ती समाधी वाटली की काय कोण जाणे, त्यांनी वाकून नमस्कार केला आणि दहाची नोट ठेवली. बुवांनी ठेवली म्हणून टाळकऱ्यांनी ठेवली, टाळकऱ्यांनी ठेवली म्हणून बायाबापड्यांनी. काल्याच्या दिवशी खजिनदारांनी हिशेब केला तर पेटीची निम्मी किंमत वसूल झाली होती. पुढच्या वर्षी तिच्यापुढं समई लावावी असा ठराव आहे. विरोध फक्त पेटीमास्तरांचा आहे, आणि त्यांना बैठकीला बोलावलेलं नाही.